सरासरीचा न्याय

१९८० साली वॉर्सातल्या शोपँ पियानो स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा इवो पोगोरेलिच अंतिम फेरीआधीच बाद झाला, आणि १९६५च्या विजेत्या मार्था आर्गेरिच त्याला असामान्य प्रतिभेचा म्हणत परीक्षकमंडळातून बाहेर पडल्या. हा किस्सा सर्वश्रुत आहे. लुई केंटनर त्यांच्याही आधी मंडळ सोडून गेले होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यांचा आक्षेप नेमका उलटा होता: असा वादक पुढच्या फेरीत गेलाच कसा? दोघांपैकी कोणालाही लबाड म्हणता येत नाही. शोपँची संहिता किती वाकवावी, याविषयीच एकमत नव्हते. आणि असा मतभेद गुणांच्या बेरजेत मिटत नाही, केवळ दिसेनासा होतो. काहींना दिपवणारा आणि काहींना असह्य होणारा वादक सरासरीत घसरतोच.

या गदारोळात विजेत्याकडे पाहायला फारशी कोणाला सवड नव्हती. व्हिएतनामचे डांग थाई सॉन ही स्पर्धा जिंकणारे पहिले आशियाई वादक. त्यांनी कोणाचे काही हिरावले नव्हते. तरी त्यांचे नाव दुसऱ्याच्या पराभवाची तळटीप म्हणूनच अधिक आले. २०२१मध्ये ते परीक्षक असताना त्यांचा शिष्य ब्रूस लिऊ पहिला आला. स्वतःच्या शिष्याला गुण देण्यास परीक्षकांना मनाई होती. १९८०च्या वादात या नियमाचा काहीच उपयोग झाला नसता.