गाणं बिली हॉलिडेचं झालं, चाल लिहिणारा हर्बी निकोल्स मात्र मागेच राहिला

बिली हॉलिडेचं नाव निघालं की 'लेडी सिंग्ज द ब्लूज' हे शब्द पाठोपाठ येतातच. तिच्या १९५६ च्या आत्मचरित्राचं नाव तेच, त्याच वर्षी आलेल्या अल्बमचं नाव तेच आणि १९७२ मध्ये डायना रॉसला घेऊन निघालेल्या सिनेमाचं नावही तेच. हे गाणं लिहिलं कोणी असं विचारलं, तर जॅझ ऐकणारे बरेचजण बिलीचंच नाव सांगतील. ते अर्धंच खरं आहे. शब्द तिचे. चाल मात्र आधीपासून तयार होती, तिचं मूळ नाव 'सेरेनेड' होतं आणि ती न्यूयॉर्कच्या एका पियानोवादकानं लिहिली होती.

त्याचं नाव हर्बी निकोल्स. वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला. त्यानं लिहिलेल्या रचनांपैकी त्याच्या हातून रेकॉर्ड झालेल्या रचना एखाद्या दुपारी सलग ऐकून संपवता येतील इतक्याच आहेत. आज त्याला ओळखायचं तर मुख्य दार तेवढंच.

हर्बीचा जन्म ३ जानेवारी १९१९ चा. मॅनहॅटनमधल्या सॅन वान हिल या भागातला. आज तिथं लिंकन सेंटर उभं आहे, तेव्हा ती कृष्णवर्णीयांची दाट वस्ती होती. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले, एक त्रिनिदादचं तर दुसरं सेंट किट्सचं. पुढं कुटुंब हार्लेममध्ये गेलं आणि तो तिथंच वाढला. पियानो लहानपणीच हाती आला, तोही पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या शिस्तीतून. त्यामुळे त्याच्या कानात एकाच वेळी तीन गोष्टी नांदत होत्या. घरातली कॅरिबियन लय, रस्त्यावरचा जॅझ आणि बार्टोक, साती यांच्यासारख्या युरोपियन संगीतकारांचे वेगळे सूर. पुढं त्यानं जे लिहिलं, त्यात या तिन्हींचं मिश्रण सापडतं.

१९३७ च्या सुमारास तो व्यावसायिक बँडमध्ये वाजवू लागला. त्यानंतर काही वर्षांतच हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये बीबॉप नावाचा नवा जॅझ आकाराला येत होता. हर्बी तिथं जायचा, पण रमला नाही. एकमेकांवर कुरघोडी करत वाजवायचं ते वातावरण त्याच्या स्वभावाला मानवणारं नव्हतं. थेलोनियस मंकशी त्याची मैत्री मात्र जुळली. मंकला लोक अजून विक्षिप्त समजत होते, त्या चाळीसच्या दशकात हर्बीनं त्याच्याबद्दल छापून येईल असं लिहिलंही. गंमत अशी की नंतर आयुष्यभर, आणि मेल्यानंतरही, हर्बीची ओळख 'मंकसारखा वाजवणारा' अशीच करून दिली गेली. दोघांचे सूर कानाला थोडे तिरपे लागतात हे खरं. पण मंक मोजक्या सुरांमध्ये मोकळी जागा सोडतो. हर्बीच्या चाली त्याच्यापेक्षा जास्त वाहत्या आणि बडबड्या आहेत. एकदा पाठोपाठ ऐकलं की दोघांची गल्लत होत नाही.

१९४१ मध्ये तो सैन्यात भरती झाला. तिथून परतल्यावर पोट भरायला मिळेल ते काम केलं. त्यातलं बरंचसं काम डिक्सिलँड बँडमधलं होतं. डिक्सिलँड हा जॅझचा जुना, न्यू ऑर्लिन्सच्या वळणाचा प्रकार. नाचायला, बारमध्ये गर्दी जमवायला उत्तम. म्हणजे हा माणूस रात्री लोकांना हवं ते जुनं वाजवायचा आणि घरी कोणी ऐकलं नव्हतं असं लिहायचा. या कामाला नुसती हमाली म्हणून चालणार नाही. त्याच्या चालींमधला ठुमका आणि खोडकरपणा बराचसा तिथूनच आलेला आहे.

ब्लू नोटचं दार

ब्लू नोट ही आज जॅझमधली सगळ्यात मानाची कंपनी समजली जाते. ती चालवणाऱ्या आल्फ्रेड लायनच्या मागे हर्बी साधारण १९४७ पासून लागला होता. दरम्यान पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पियानोवादक मेरी लू विल्यम्सनं त्याच्या काही रचना रेकॉर्ड केल्या. १९५२ मध्ये एका छोट्या कंपनीसाठी त्याची स्वतःचीही काही रेकॉर्डिंग झाली. लायनचा होकार यायला १९५५ उजाडलं. आठ वर्षं.

त्या वर्षीच्या मे आणि ऑगस्टमध्ये आणि मग एप्रिल १९५६ मध्ये मिळून पाच दिवस त्याला स्टुडिओ मिळाला. स्टुडिओ कसला, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. ब्लू नोटच्या अनेक गाजलेल्या रेकॉर्ड याच खोलीत झाल्या. सोबतीला फक्त बास आणि ड्रम्स. मेमध्ये ड्रम्सवर आर्ट ब्लेकी होता, पुढच्या वेळी मॅक्स रोच. दोघंही त्या काळातले पहिल्या फळीतले.

या पाच दिवसांत जवळपास तीस रचना रेकॉर्ड झाल्या आणि जॉर्ज गर्श्विनच्या एका गाण्याचा अपवाद वगळता सगळ्या त्याच्या स्वतःच्या होत्या. लोकांच्या ओळखीची चार गाणी घालून रेकॉर्ड खपवायची, हा तेव्हाचा साधा हिशेब होता. तो इथं मांडलाच गेला नाही. त्यातून 'द प्रॉफेटिक हर्बी निकोल्स' नावाच्या दोन छोट्या दहा इंची रेकॉर्ड आणि 'हर्बी निकोल्स ट्रायो' ही एक मोठी रेकॉर्ड निघाली. त्या फारशा खपल्या नाहीत. उरलेल्या रचना टेपवरच पडून राहिल्या. कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही.

ऐकताना काय ऐकायचं?

सुरुवात 'हाउस पार्टी स्टार्टिंग'पासून करावी. नावावरून धांगडधिंगा वाटेल, पण ही चाल चक्क बिचकत सुरू होते. पाहुणे यायचे आहेत, दिवे लागलेत, यजमान खोलीत येरझाऱ्या घालतोय आणि आजची पार्टी रंगेल की नाही हे त्याला ठाऊक नाही, असा तो मूड. आनंदाच्या आधीची धाकधूक सांगणारी रचना जॅझमध्ये सहसा मिळत नाही. हर्बी चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहायचा आणि नावंही तशीच द्यायचा. 'क्रो-मॅग्नन नाइट्स' म्हणजे आदिमानवाच्या रात्री, 'अमीबाज डान्स' म्हणजे चक्क अमीबाचा नाच. 'ब्लू चॉपस्टिक्स'मध्ये मुलं दोन बोटांनी पियानोवर बडवतात ती बालिश धून घेऊन तिची पार वेगळीच वस्तू केली आहे.

मग 'द थर्ड वर्ल्ड' ऐकावं. ही पहिल्याच दिवसाची रचना. स्वरमेळ इतके अनपेक्षित वळणं घेतात की हे १९५५ चं रेकॉर्डिंग आहे यावर विश्वास बसत नाही. तरीही वरची चाल गुणगुणता येते. हर्बीची खरी हातोटी हीच होती. अवघड गोष्ट तो अवघड वाटू देत नाही.

यानंतर त्याच रचना पुन्हा लावाव्यात आणि पियानो सोडून फक्त ड्रम्सकडे कान द्यावा. बहुतेक जॅझ ट्रायोमध्ये ड्रमर ताल सांभाळतो आणि शेवटी त्याला थोडी जागा मिळते. हर्बीच्या रचनेत ड्रम्ससाठी चालीच्या आतच जागा राखलेल्या असतात. पियानो एक ओळ बोलतो, गप्प होतो आणि उत्तर ड्रम्सकडून येतं. ढोलकी आणि गायिकेतला सवाल-जवाब ज्यांनी ऐकलाय, त्यांना हा खेळ लगेच कळेल. ड्रम्सलाही सूर असतो आणि संगीतकारानं तो ऐकून लिहावं, अशी त्याची धारणा होती. आपल्याकडे तबला गायकाच्या सुरात मिळवून मगच मैफल सुरू होते, त्यामुळे यात नवल वाटणार नाही. अमेरिकन जॅझमध्ये तेव्हा असा विचार करणारे फार नव्हते. ब्लेकी या जागा दणक्यात भरतो, रोच त्याच जागी जणू दुसरी चाल वाजवतो. एकाच संगीतकाराकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही शोभतात.

'लेडी सिंग्ज द ब्लूज'ही या रेकॉर्डिंगमध्ये आहे, शब्दांशिवाय. बिलीचं गाणं डोक्यात पक्कं बसलेल्यांनी हे जरूर ऐकावं. तिच्या आवाजातलं दुःख इथं नाही. त्याऐवजी जरा ताठ मानेची, थोडी मिस्किल अशी चाल समोर येते.

नोव्हेंबर १९५७ मध्ये बेथलहेम या कंपनीसाठी त्यानं 'लव्ह, ग्लूम, कॅश, लव्ह' हा अल्बम केला. प्रेम, उदासी, रोकडा, पुन्हा प्रेम. बास जॉर्ज डुव्हिव्हिएरचा, ड्रम्स डॅनी रिचमंडचे. यात दुसऱ्यांची काही गाणी आली आहेत आणि एकूण सूर ब्लू नोटपेक्षा मवाळ आहे. शीर्षकाची रचना मात्र त्याच्या उत्तम कामांत धरावी अशी. स्वतःच्या नावावरचा हा त्याचा शेवटचा अल्बम ठरला. त्यानंतर साडेपाच वर्षं तो जगला, लिहीत राहिला, इतरांच्या बँडमध्ये वाजवत राहिला. १२ एप्रिल १९६३ रोजी रक्ताच्या कर्करोगानं तो गेला.

जे रेकॉर्ड झालंच नाही

या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये एक मोठी उणीव आहे आणि ती ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. हर्बी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन डोळ्यांपुढे ठेवूनही लिहायचा. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या रचना फुंकवाद्यांसह रेकॉर्ड करण्याची संधी त्याला एकदाही मिळाली नाही. त्या ट्रायोमध्ये पियानो कधीकधी एकटाच तिघांचं काम करतोय असं वाटतं, ते त्यामुळे. शिवाय वडिलांच्या घरी ठेवलेली त्याची बरीच हस्तलिखितं पाण्यानं खराब होऊन गेली.

नाव टिकलं ते काही मोजक्या माणसांमुळे. ए. बी. स्पेलमन या समीक्षकानं १९६६ मध्ये चार जॅझ कलावंतांवर पुस्तक लिहिलं. सेसिल टेलर, ऑर्नेट कोलमन आणि जॅकी मॅक्लीन यांच्या रांगेत त्यानं चौथा निवडला तो हर्बी. ट्रॉम्बोनवादक रॉझवेल रड तरुणपणी हर्बीसोबत वाजवायचा. त्यानं त्या रचना आयुष्यभर जपल्या आणि नव्वदच्या दशकात 'द अनहर्ड हर्बी निकोल्स' या नावानं दोन भागांत रेकॉर्ड केल्या. नेदरलँड्सचा मिशा मेंगेलबर्ग आणि सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी यांनी ऐंशीच्या दशकातच त्याच्या चाली युरोपात वाजवायला घेतल्या होत्या. १९८७ मध्ये मोझेक या कंपनीनं ब्लू नोटची सगळी रेकॉर्डिंग एका संचात काढली, तेव्हा टेपवर पडून राहिलेल्या रचना लोकांना पहिल्यांदा ऐकायला मिळाल्या.

नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कचे पियानोवादक फ्रँक किंब्रो आणि बासवादक बेन ॲलिसन यांनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये शोध घेतला. अमेरिकेत स्वामित्वहक्क नोंदवताना रचनेची एक प्रत सरकारजमा करावी लागे. हर्बीनं ते इमानदारीनं केलं होतं. कधीच रेकॉर्ड न झालेल्या त्याच्या चालींचे कागद तिथं निघाले. 'द हर्बी निकोल्स प्रोजेक्ट' या नावानं त्या दोघांच्या बँडनं त्यातल्या रचना वाजवल्या आणि तीन अल्बम केले. तिसरा २००१ चा 'स्ट्रेंज सिटी'. हर्बीच्या वाट्याला कधी न आलेली फुंकवाद्यं त्यात आहेत.