निगेटिव्हचे डबे भंगारात देऊ नका

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. हजारो माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. नंतर कित्येक गावं नव्या जागी वसली. पण जुनं गाव दिसायचं कसं? ते आकड्यांवरून कळत नाही.

ते सापडेल जुन्या फोटो स्टुडिओंच्या निगेटिव्हमध्ये. प्रिंट काढताना चेहरे ठेवून कडा कापल्या जायच्या. निगेटिव्हमध्ये मात्र नवरा-नवरीच्या मागची ओसरी, भिंत, गल्ली शाबूत राहते.

आमच्या भागातल्या अशा पट्ट्या मी फ्लॅटबेड स्कॅनरवर उतरवतोय. साधा स्कॅनर चालत नाही. तो कागदावरून परतलेला उजेड वाचतो, त्यात फिल्म नुसती काळी दिसते. झाकणातही दिवा असलेला लागतो, म्हणजे उजेड फिल्ममधून आरपार जातो. ३५ मिमी फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. २४०० डीपीआयवर तिचे सुमारे ७७ लाख पिक्सल होतात. फोटो नीट टिपलेला असेल तर भिंतीची रचनाही कळते.

वेळ मात्र कमी आहे. उष्ण-दमट हवेत अ‍ॅसिटेट फिल्म कुजते, डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. कुजलेली फिल्म पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

स्टुडिओ एकेक बंद होताहेत. नगरपालिकेनं किंवा तालुका वाचनालयानं असा एक स्कॅनर घ्यावा, घरच्यांची परवानगी घेऊन हे फोटो जपावेत. पुतळ्यांना निधी मिळतो, मग याला का नाही? विचारा आपल्या नगरसेवकाला.