गोव्याची कोकिळा : लोर्ना कोर्देरो

बीट संगीताच्या काळात कोकणी गीताला नवा घाट देणाऱ्या अग्रगण्य गायिका. बार्देश तालुक्यातील साळगाव येथे १९४६ साली जन्म. वाढल्या मात्र मुंबईत. शाळकरी वयातच त्या इंग्रजी गाणी गाऊ लागल्या. हा आवाज मडगावच्या बोर्डा भागात जन्मलेले ट्रम्पेट व सॅक्सोफोनवादक, संगीतकार ख्रिस पेरी यांच्या कानी पडला आणि लोर्ना त्यांच्या वाद्यवृंदाच्या मुख्य गायिका झाल्या.

मुंबईच्या चर्चगेट परिसरातील रेस्तराँ, कोलकात्याचे फिर्पोज अशा ठिकाणी हा वाद्यवृंद रात्रीमागून रात्री रंगत असे. समोरचा श्रोता पाश्चात्त्य धून मागणारा. वादक बहुतेक गोमंतकीय आणि पुरुष. पुढे १९७०-७१च्या 'शिमला बीट' स्पर्धांतही गिटारवाल्या तरुणांचाच भरणा होता. अशा मंचावर लोर्ना केवळ शोभेसाठी उभ्या राहिल्या नाहीत; भारदस्त, किंचित खरखरीत आवाजाने त्यांनी ट्रम्पेटशी बरोबरीची झुंज घेतली.

त्यांचे खरे कर्तृत्व कोकणी ध्वनिमुद्रिकांत आहे. मांड्याचा संथ, खानदानी डौल आणि तियात्रातील कांतारांची खुमारी गोव्याला ठाऊक होती. पेरी यांनी कोकणी शब्द जाझ आणि लॅटिन अमेरिकी ठेक्यांवर बसविले. लोर्नांनी त्यांत प्राण ओतला. 'बेबदो'मधील दारुड्याची टिंगल, 'लिस्बोआ'मधील विरह, 'पिसो', 'रेड रोज', 'नाचूंया कुंपासार' : एकाच गळ्यातून इतक्या निरनिराळ्या मनोवृत्ती उमटतात, हे आजही नवलाचे वाटते. चाली पेरींच्या खऱ्या. पण लग्नमांडवात आणि फेस्ताच्या रात्री ही गाणी लोर्नांचीच म्हणून ओळखली गेली.

सत्तरच्या दशकात ही जोडी फुटली. दुसऱ्या कोणाबरोबर गाण्यास मज्जाव करणारा करार लोर्नांनी केला होता, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, ऐन उमेदीत त्या मंचावरून नाहीशा झाल्या आणि सुमारे दोन दशके गायल्या नाहीत. पेरी या काळात संगीत देत राहिले. गप्प झाली ती गायिका. या मौनाची किंमत किती न झालेल्या गाण्यांनी मोजावी?

१९९५ साली संगीतकार रॉनी मोन्सेरात यांनी 'हॅलो लोर्ना' या ध्वनिफितीद्वारे त्यांना परत आणले. त्याच वर्षी पणजीत मिरामार येथे झालेल्या कार्यक्रमाला लोटलेली गर्दी पाहता श्रोते त्यांना विसरले नव्हते. पेरी २००२ साली निवर्तले.

या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेला, बारद्रॉय बारेतो दिग्दर्शित 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यातील पात्रांची नावे डोना आणि लॉरी अशी आहेत. डोनाची भूमिका अभिनेत्री पलोमी घोष यांनी साकारली असून, मूळ आवाज ऐकायचा तर एचएमव्हीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांकडेच वळावे लागते.