कवळी

कवळी : सर्व अथवा काही नैसर्गिक दात गेल्यावर त्यांच्या जागी बसविण्यात येणारी आणि रुग्णास स्वतः काढता-घालता येणारी कृत्रिम दंतपंक्ती. अन्न चावणे, स्पष्ट उच्चार आणि ओठ व गाल यांना आधार ही तिची मुख्य कार्ये होत. कोणाला कोणती कवळी मिळावी, हे दीर्घकाळ दोन गोष्टींवर ठरत आले : उपलब्ध पदार्थ आणि जाणकार दंतवैद्याचे अंतर. त्यांपैकी दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण म्हणून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, नामांतर २०२४) जिल्ह्याचा विचार येथे केला आहे.

इतिहास : इटलीतील एट्रुस्कन लोक सु. इ. स. पू. सातव्या शतकापासून सोन्याच्या पट्टीने माणसाचे अथवा प्राण्यांचे दात शेजारच्या दातांना जखडून बसवीत. जपानमध्ये सोळाव्या शतकात लाकडातून कोरलेल्या पूर्ण कवळ्या वापरात होत्या. त्या टाळूला घट्ट चिकटून राहत. यूरोपात हस्तिदंत व पाणघोड्याचे दात कोरून कवळ्या करीत. त्या डागाळत व त्यांना दुर्गंधी येई. प्येअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वरची कवळी स्प्रिंगच्या साहाय्याने जागेवर ठेवण्याची पद्धत वर्णिली आहे. आलेक्सी द्यूशातो या औषधविक्रेत्याने १७७४ च्या सुमारास पोर्सलीनची कवळी करविली. तरीही वॉटर्लूच्या लढाईनंतर (१८१५) मृत सैनिकांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकण्यात आले. धनिकांच्या मुखातील दात अशा रीतीने गरिबांच्या देहातून येत.

चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावला. त्यातून पुढे निघालेले कठीण रबर, म्हणजे व्हल्कनाइट, ठशाबरहुकूम घडविता येत असल्याने कवळी मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. मात्र अमेरिकेत दंतवैद्यांना १८८१ पर्यंत त्याच्या एकस्वासाठी शुल्क भरावे लागे. हिरडीसारखा रंग देता येणारे ॲक्रिलिक प्लॅस्टिक १९३७ च्या सुमारास प्रचारात आले व काही वर्षांतच त्याने व्हल्कनाइटची जागा घेतली. आजही बहुतेक कवळ्यांचा पाया ॲक्रिलिकचाच असतो.

भारतातील प्रसार : रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात दंतवैद्यकाचे महाविद्यालय स्थापन केले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. शिक्षण शहरांत एकवटल्याने अनेक ठिकाणी हा व्यवसाय परंपरेने शिकलेल्या कारागिरांच्या हाती होता. दंतवैद्य अधिनियम, १९४८ अन्वये अशा व्यावसायिकांपैकी किमान पाच वर्षे मुख्यतः या धंद्यावर उपजीविका केलेल्यांसाठी नोंदवहीचा ‘ब’ भाग ठेवण्यात आला. मर्यादित प्रमाणात का होईना, त्यांची गरज कायद्यानेही मान्य केली.

अहिल्यानगर जिल्हा : या जिल्ह्यात दंतसेवेच्या प्रसाराला सहकारी चळवळीचा हातभार लागला. विठ्ठलराव विखे-पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. त्याच परिसरात लोणी येथे १९७२ मध्ये प्रवरा वैद्यकीय न्यास आणि १९९० मध्ये ग्रामीण दंत महाविद्यालय स्थापन झाले. संगमनेर येथेही दंत महाविद्यालय आहे. मशेरी व तंबाखूच्या सवयींमुळे हिरड्यांचे विकार वाढतात, आणि हिरड्यांचे विकार हे प्रौढपणी दात जाण्याचे एक प्रमुख कारण होय. त्यामुळे ज्या भागात या सवयी रूढ आहेत, तेथे कवळीची सोय जवळ असणे महत्त्वाचे ठरते. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७) दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांना द्यावयाच्या साधनांत कवळीचाही समावेश आहे.

प्रकार व निवड : सर्व दात गेलेले असल्यास पूर्ण कवळी, तर काही दात शिल्लक असल्यास अंशतः कवळी देतात. अंशतः कवळी ॲक्रिलिकची अथवा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची असते. धातूची पातळ व मजबूत असली, तरी महाग पडते. दात काढल्याबरोबर बसविलेल्या तात्काळ कवळीमुळे रुग्ण दातांविना राहत नाही. तथापि हाड झपाट्याने झिजत असल्याने ती लवकर सैल होते. म्हणून नेहमीच्या कवळीसाठी सामान्यतः दोन ते तीन महिने थांबतात. खालच्या कवळीला मिळणारा आधार वरच्या कवळीच्या जवळजवळ निम्मा असतो व खालचे हाड अधिक झिजते; त्यामुळे ‘खालची कवळी हलते’ ही तक्रार सार्वत्रिक आहे. पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांनी स्वीडनमध्ये १९६५ मध्ये प्रथम रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमचे रोपण केले. दंतहीन खालच्या जबड्यासाठी दोन रोपणांवर टेकलेली कवळी हा पहिल्या पसंतीचा उपचार मानावा, असे २००२ च्या माँट्रिऑल येथील तज्ञ-परिषदेने सुचविले. मात्र खर्चामुळे तो सर्वांना परवडत नाही.

पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या सु. एक-चतुर्थांश ते एक-षष्ठांश एवढाच राहतो. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला हे आधी सांगणे आवश्यक असते. नाहीतर चांगली कवळीही पेटीत पडून राहते. सुरुवातीस भाकरी दुधात वा कालवणात कुस्करून, लहान घास दोन्ही बाजूंनी चावून खावेत. रस्त्यावर बसणारे काही व्यावसायिक झटपट घट्ट होणारे ॲक्रिलिक तोंडातच ओतून दात कायमचे चिकटवितात. त्याखाली अन्न कुजते, हिरडी सुजते व शेजारचे चांगले दातही जातात. योग्य कवळी रात्री काढून पाण्यात ठेवता येते. तिची सैलता वेळोवेळी तपासून आतील बाजूस नवे अस्तर द्यावे लागते आणि सु. पाच ते सात वर्षांनी ती बदलावी लागते. म्हणून निवड करताना हिरडीची स्थिती, उरलेले दात व खर्च यांबरोबरच दुरुस्तीसाठी दंतवैद्याकडे पुन्हा जाता येईल की नाही, हेही विचारात घ्यावे लागते.