मोटारीतला रेडिओ : पाहुणा, बिऱ्हाडकरू, घरजावई

उन्हाळ्याच्या सुटीत पुतण्याच्या मोटारीत नवा स्टीरिओ बसवायचा होता, म्हणून त्याच्याबरोबर एका फिटरच्या दुकानी जाऊन बसलो होतो. अर्ध्या तासाचे काम म्हणून गेलो आणि दिवेलागण झाली. जुना संच निघाला, नवा बसला, गाणेही लागले. पण स्टिअरिंगवरची आवाजाची बटणे मुकी झाली आणि गाडी मागे घेताना दिसणारे कॅमेऱ्याचे चित्र नाहीसे झाले. एका गाण्याच्या पेटीशी गाडीच्या इतक्या अवयवांचे नाते जडले तरी कसे? याचे उत्तर शोधायचे तर जरा मागे जावे लागते.

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन या कारखानदाराने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी थेट अटलांटिक सिटीपर्यंत हाकत नेली. तेथे रेडिओ कारखानदारांचा मेळावा भरला होता. आत मांडणी करण्याची त्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने गाडी बाहेर उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. ‘मोटर’ला त्या काळच्या ‘व्हिक्ट्रोला’ची शेपटी जोडून त्याने आपल्या रेडिओला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. मात्र तो बसवणे म्हणजे दिव्यच होते. निराळ्या बॅटऱ्यांसाठी जागा काढायची, छताच्या अस्तरात एरियल दडवायची आणि एवढे करून इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर दाबायची. मोटार रेडिओला ओळखतच नव्हती. तो पाहुणा होता, आणि पाहुणाही असा की ज्याच्यासाठी घराची भिंत फोडावी लागे.

युरोपातला पहिला मोटार-रेडिओ १९३२ साली जर्मनीत निघाला. पुढे ‘ब्लाउपुंक्ट’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीचा तो ‘आउटोसुपर एएस ५’. किंमत ४६५ मार्क, म्हणजे एका लहान मोटारीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी! पेटी एवढी मोठी की ती चालकाजवळ मावेना. म्हणून ती दूर ठेवून तिची कळ तारेने स्टिअरिंगपाशी आणली होती. आज ज्या बटणांचे आपण कौतुक करतो, त्यांची ही आजी. दुसऱ्याच वर्षी ही कंपनी बॉश या बड्या उद्योगगृहाच्या ताब्यात गेली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि पेटी आटली. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट काढली आणि गाणे आकाशवाणीच्या वेळापत्रकातून सुटले. पण फिटरच्या दृष्टीने खरी क्रांती झाली ती एका मापाने. सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, एवढा खण गाडीत सोडावा, असे मानक जर्मनीत ठरले आणि १९८४ साली ते आंतरराष्ट्रीय झाले. आता कोणत्याही कारखान्याचा संच कोणत्याही गाडीच्या खणात बसू लागला. पाहुण्याचा बिऱ्हाडकरू झाला. खोली ठरलेली, बिऱ्हाड पटले नाही तर बदलावे.

त्या खणावर आपल्याकडेही अनेकांचे संसार चालले. गाडी घ्यावी साधी आणि टेप बसवावा बाजारात, ही तर रीतच होती. मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा सुट्या वस्तूंसाठी प्रसिद्ध. पिवळी तार बॅटरीची, लाल किल्लीची, काळी बॉडीची; एवढे तीन रंग पक्के झाले की होतकरू पोरगा वर्षभरात कारागीर होई. त्याला कोणाची सनद लागत नसे.

मग १९८६ साली त्याच बॉशने डेट्रॉइटच्या सभेत ‘कॅन’ नावाची पद्धत मांडली. गाडीतल्या प्रत्येक यंत्रासाठी वेगळी तार ओढण्याऐवजी पिळलेल्या दोन तारांवर सर्वांनी पाळीपाळीने बोलावे, अशी ही योजना. तारांचे जंजाळ कमी झाले, दोष शोधणे सोपे झाले. तिचे उपकार नाकारता येत नाहीत. पण हळूहळू रेडिओही त्या संभाषणात ओढला गेला. बटण दाबले की आता त्याची स्वतंत्र तार रेडिओकडे जात नाही. त्या दोन तारांवर एक निरोप जातो. तो निरोप कोणत्या सांकेतिक भाषेत लिहायचा, हे मात्र ज्याचे त्याने ठरवले आणि आपल्यापाशीच ठेवले. खण गेला, त्या जागी प्रत्येक गाडीचा निराळ्या आकाराचा पडदा आला. बिऱ्हाडकरू घरजावई झाला. त्याला हलवावे तर सारे घर रुसते. ज्या घराण्याने मोटारीसाठी रेडिओ विकले, त्याच घराण्याच्या शोधाने रेडिओ बदलणे अवघड व्हावे, हा इतिहासाचा खेळ म्हणायचा! २००९ साली तर बॉशने ब्लाउपुंक्टचा तो धंदाही विकून टाकला.

येथे प्रश्न गाण्याचा राहत नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्या मर्जीने उघडता येत नसेल, तर ती आपली कितपत? माप सर्वांचे होते तोवर धाकटा कारागीरही मोठ्या कारखान्याच्या शेजारी उभा राहू शकत होता. भाषा खाजगी झाली आणि तो दारात अडला.

अडला, पण परतला नाही. आमच्या फिटरने दुसऱ्या दुकानातून काड्यापेटीएवढी एक डबी मागवली. गाडीचे निरोप नव्या संचाला समजावून सांगणारी ती दुभाषी. ती जोडताच बटणे बोलू लागली, कॅमेऱ्याचे चित्र परतले. गाडीची एकही मूळ तार त्याने कापली नव्हती. जुना संच कापडात गुंडाळून पुतण्याच्या हाती देत तो म्हणाला, “जपून ठेवा साहेब, गाडी विकताना हाच लागेल.”

मी त्याला विचारले, “हे शिकलात कुठे?”

“उघडून,” तो म्हणाला.