बॉनेटवरचं खोटं नाक

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. शाळेतून येताना तिथे अर्धा तास उभं राहिल्याशिवाय मी घरी जात नसे. एकदा तिथे एक मारुती ८०० आली, तिच्या बॉनेटवर काळ्या प्लॅस्टिकचं एक भलंमोठं नाक बसवलेलं. मी विचारलं, "मामा, हे कशाला?" फिटरमामा म्हणाले, "हवा घ्यायला." मग त्यांनी बॉनेट वर करून दाखवलं. आतून पत्रा अखंड, भोक नाहीच! नाक नुसतं चिकटपट्टीने डकवलेलं. मामा हसून म्हणाले, "गाडीला कसली हवा, हवा मालकाची!"

हा प्रसंग मी विसरूनही गेलो होतो. गेल्या वर्षी मिशिगनमध्ये, शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये तो एकदम आठवला.

हे आजोबा म्हणजे एका मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले डाय बनवणारे कारागीर. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारणं मला अजून जमलेलं नाही. मी त्यांना तोंडावर 'सर' म्हणतो आणि मनात 'आजोबा'. त्यांच्याकडे १९६५ सालची पाँटिअॅक लेमॅन्झ आहे. ती त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ गेल्यावर ती यांच्याकडे आली आणि गेली चार वर्षं ते ती रिस्टोअर करताहेत. गंज काढणं, पत्रा ठोकणं, लांबी भरणं, घासणं, पुन्हा लांबी भरणं. शनिवारी सकाळी मी मदतीला जातो. मदत म्हणजे पाने हातात देणं आणि प्रश्न विचारणं.

एका शनिवारी त्यांनी एक मोठं खोकं उघडलं. आत नवंकोरं बॉनेट (इथे याला हूड म्हणतात) आणि त्याच्या मधोमध स्कूप, म्हणजे हवेसाठी पुढे तोंड केलेला उंचवटा. ते म्हणाले, "हे बसवायचं आहे."

मी म्हटलं, "सर, पण तुमच्या गाडीला हे नव्हतं. हे जीटीओचं बॉनेट."

"ठाऊक आहे मला," आजोबा म्हणाले. "मी पाँटिअॅक गावात वाढलोय."

आमच्या वादाचा मुद्दा कळायला जीटीओची गोष्ट सांगावी लागेल.

जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितलं. पाँटिअॅकची पंचाईत झाली, कारण तरुण गिऱ्हाईक त्यांच्याकडे यायचं ते शर्यतींतल्या नावामुळे. त्यातून कंपनीचा आणखी एक नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. तेव्हा पाँटिअॅकचा मुख्य अभियंता होता जॉन डीलोरियन. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. नियम नव्या मॉडेलला लागू होता, पण जास्तीचे पैसे देऊन घ्यायच्या 'पॅकेज'बद्दल त्यात काही म्हटलेलं नव्हतं. मग त्यांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट लेमॅन्झमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि सुमारे २९६ डॉलरचं पॅकेज म्हणून १९६४ साठी बाजारात आणलं. नाव सरळ फेरारीवरून उचललं, जीटीओ. विक्री विभागाने भीत भीत पाच हजार गाड्यांची तयारी ठेवली होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या, दुसऱ्या वर्षी ७५,३५२! अमेरिकेत ज्याला 'मसल कार' म्हणतात त्या प्रकाराची सुरुवात बहुतेक लोक इथूनच धरतात.

आता गंमत बघा. या १९६४ च्या जीटीओच्या बॉनेटवर दोन स्कूप होते आणि दोन्ही बंद! आतून पत्रा अखंड, अगदी आमच्या गल्लीतल्या मारुतीसारखा. ज्या गाडीने स्कूपला प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचाच स्कूप खोटा.

खोटेपणा एवढ्यावर थांबला नव्हता. मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मुखपृष्ठावर फेरारी जीटीओ आणि पाँटिअॅक जीटीओ समोरासमोर छापल्या आणि पाँटिअॅकचे वेगाचे थक्क करणारे आकडे दिले. प्रत्यक्षात चाचणीला फेरारी आलीच नव्हती. आणि पाँटिअॅकमध्ये ३८९ च्या जागी गुपचूप ४२१ घनइंचांचं इंजिन बसवलेलं होतं. ही हकिगत अनेक वर्षांनी जिम वँगर्सने स्वतःच सांगितली. पाँटिअॅकच्या जाहिरातींचं काम बघणारा, आणि ती गाडी चाचणीला पाठवणारा माणूस हाच.

१९६५ मध्ये दोन स्कूपच्या जागी मधोमध एक आला. कारखान्यातून निघताना तोही बंदच. पण त्याच वर्षी विक्रेत्यांकडे एक वेगळा संच मिळू लागला. त्यात स्कूपचं तोंड उघडायची सोय होती आणि कार्ब्युरेटरभोवती बसवायची एक पत्र्याची परात. तिच्या कडेला फोमची पट्टी, म्हणजे बॉनेट मिटलं की बाहेरची हवा थेट कार्ब्युरेटरलाच मिळणार. याला नाव दिलं 'रॅम एअर'. इथे खोटं नाक पहिल्यांदा श्वास घ्यायला लागलं.

पण त्याचा उपयोग किती? माझं पोट हवेच्या आणि उष्णतेच्या प्रवाहांवर चालतं, तेव्हा थोडं गणित सहन करा. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असेल, तर समोरून घुसणारी हवा फार तर ४६० पास्कलचा जादा दाब देते. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल. म्हणजे वाढ अर्धा टक्कासुद्धा नाही. ताशी १६० ला सव्वा टक्क्याच्या आत. तेव्हा 'हवा कोंबणारा' या अर्थाचं ते 'रॅम' नाव बरंचसं जाहिरातीचं. खरा फायदा गार हवेचा. बॉनेटखाली ६० अंश आणि बाहेर २५ अंश असेल, तर बाहेरची हवा अकरा-बारा टक्क्यांनी घन असते. जास्त घन हवा म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन. ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही, पण वाढते हे नक्की.

दुसरी अडचण जागेची. धावत्या गाडीच्या पत्र्याला लागून हवेचा एक सुस्त थर चिकटलेला असतो. बुटका स्कूप त्या थरातच तोंड घालून बसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखाली हवा घ्यायचं जे तोंड आहे, ते वरच्या पत्र्यापासून मुद्दाम फट सोडून बसवलंय ते याच कारणाने. उलट गाडीच्या समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथला दाब चढा असतो. शेव्हरोलेच्या लोकांनी हे ओळखून १९७० च्या शेव्हेल एसएसमध्ये स्कूपचं तोंड चक्क मागे, काचेकडे केलं. दिसायला उलटं, पण शास्त्राला धरून!

मला राहवलं नाही. आजोबांच्या गाडीच्या जुन्या सपाट बॉनेटवर मी लोकरीचे बोटभर तुकडे ओळीने चिकटवले. आजोबा गाडी चालवत होते, शेजारच्या लेनमध्ये बायको आमची गाडी चालवत होती आणि मी फोनवर चित्रीकरण करत होतो. पुढचे तुकडे सरळ मागे ताणलेले, काचेजवळचे मात्र गोंधळलेले, काही तर उलटे फिरणारे. आजोबांनी ते चित्रीकरण चार वेळा पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे शेव्हरोलेवाले बरोबर होते तर. माझ्या भावाला हे आवडलं नसतं."

मधल्या काळात स्कूपची चढाओढच लागली होती. फोर्डने १९६९ च्या मस्टँगला 'शेकर' दिला. तो स्कूप इंजिनवरच बसवलेला आणि बॉनेटच्या भोकातून वर आलेला, त्यामुळे इंजिन थरथरलं की तोही थरथरायचा. प्लिमथने १९७० च्या रोड रनरला बटण दाबलं की वर उचलला जाणारा स्कूप दिला, वर त्याच्या बाजूला शार्कचे दातही रंगवले! अशा गाड्यांचे विम्याचे हप्ते मात्र भडकले. १९७० मध्ये हवाप्रदूषणाचा कडक कायदा आला. १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी केलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि खेळ जवळजवळ संपला.

शेवट तर कुणी रचून सांगितला असं वाटावं असा आहे. १९६४ ची पहिली जीटीओ ३२५ अश्वशक्तीची, स्कूप खोटा. पहिल्या अवतारातली शेवटची १९७४ ची, ३५० घनइंचांचं इंजिन, २०० अश्वशक्ती (१९७२ पासून मोजायची पद्धत बदलली, म्हणून हे दोन आकडे थेट ताडून बघता येत नाहीत), आणि तिच्या बॉनेटमधून वर आलेला स्कूप अस्सल, हवा घेणारा. विकल्या गेल्या जेमतेम सात हजार. छाती होती तेव्हा नाक खोटं, आणि नाक खरं झालं तेव्हा छाती उरली नव्हती.

आता आमचा वाद. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ हे नुसतं पॅकेज होतं, त्यामुळे गाडीच्या क्रमांकावरून ती जीटीओ की साधी लेमॅन्झ हे कळत नाही. १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झालं आणि क्रमांकाची सुरुवातच वेगळी, २४२ अशी झाली. म्हणून १९६५ च्या लेमॅन्झवर जीटीओचं बॉनेट आणि चार बिल्ले चढवून ती जीटीओ म्हणून विकणं सोपं. मी म्हटलं, "सर, उद्या ही गाडी कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. तुम्ही खोटा इतिहास तयार करताय."

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझा भाऊ पाँटिअॅकच्या कारखान्यात या गाड्या जोडायचा. गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा २९६ डॉलर जास्तीचे नव्हते, घरात बाळ येणार होतं. ३२६ चं इंजिन घेतलं. म्हणायचा, पुढच्या वर्षी निदान बॉनेट तरी बदलून घेईन. मरेपर्यंत दर वर्षी तेच म्हणायचा. हाही इतिहासच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुनी गाडी रिस्टोअर करायची म्हणजे कुठल्या दिवसापर्यंत मागे न्यायची? कारखान्यातून निघाली त्या दिवसापर्यंत, की तिचा मालक जिची स्वप्नं बघत होता त्या गाडीपर्यंत? शिवाय ज्या 'मूळ' स्कूपची मी बाजू घेत होतो, तो मुळातच बंद होता!

तोडगा शेवटी आजोबांनीच काढला. बॉनेट दोन बिजागऱ्यांवर बोल्टने बसतं, त्यासाठी जुन्या पत्र्याला हात लावावा लागत नाही. नवं बॉनेट बसवलं. जीटीओचे बिल्ले लावले नाहीत. डॅशबोर्डच्या खणात आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद ठेवला: ही गाडी लेमॅन्झ आहे, इंजिन ३२६, बॉनेट बदललेलं, कुणी आणि का, तारखेसकट. जुनं सपाट बॉनेट गॅरेजच्या भिंतीवर टांगलंय, लोकरीच्या चिकटपट्ट्यांचे डाग अजून आहेत त्यावर.

राहिला प्रश्न स्कूप उघडायचा की बंद ठेवायचा. मी परात आणि फोमचं चित्र काढून घेऊन गेलो होतो. आजोबांनी ते नीट पाहिलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बंदच राहू दे. त्याला फक्त तो दिसायला हवा होता."