धुऱ्यावरचा साक्षीदार

जमिनीच्या रजिस्ट्रीला साक्षीदार म्हणून घरचा माणूस किंवा कचेरीच्या आवारात हाताशी सापडलेला ओळखीचा चालतो, ही समजूत सानगडीसारख्या धानाच्या गावाला महाग पडू शकते. इथल्या बांधीची, म्हणजे भातखाचराची, किंमत क्षेत्रफळापेक्षा तलावाचे पाणी कोणत्या धुऱ्यावरून (बांधावरून) येते यावर ठरते, आणि ते लगतच्या धुरेकऱ्याइतके, म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याइतके, कोणाला ठाऊक नसते. मराठेशाहीत वतनाचा किंवा शेताचा निवाडा होई तेव्हा महजरावर (निवाडापत्रावर) पाटील, कुळकर्णी, बलुतेदार साक्ष घालत. लिहिता न येणाऱ्या पाटलाचा नांगर, शिंप्याची कात्री कागदावर उमटे. त्या निशाणीमागे जमिनीची माहिती उभी असे. अर्थात त्या साक्षीला जातीची उतरंड होती आणि बायकांना तिथे जागा क्वचितच होती, तेव्हा ती पद्धत जशीच्या तशी परत आणावी असे मी म्हणत नाही. साक्षीदाराला जमीन माहीत हवी, हा तिचा निकष मात्र मला मोलाचा वाटतो.

1854 मध्ये हा भाग ज्यात होता ते भोसल्यांचे नागपूर राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे मालगुजारी आली, म्हणजे गावाचा सारा भरणारा मालगुजार गावाचा मालक ठरला. 1898 आणि 1920 च्या कुळकायद्यांखाली भोगवटादार कुळाला शेत मोकळेपणी विकता येत नसे, त्यामुळे व्यवहारावर मालगुजाराची नजर राही. पाण्याची, निस्ताराची (चराई-सरपणाची) वहिवाट वाजिब-उल-अर्ज या गावच्या दप्तरात नोंदली जाई. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण व्यवहारावरची गावाची नजरही हळूहळू हटली, आणि साक्षीदार निवडणे सर्वस्वी घेणाऱ्या-देणाऱ्यावर आले.

कायद्याची अपेक्षा तुटपुंजी आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार बक्षीसपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, गहाणखतालाही बहुतेक वेळा लागतात. खरेदीखताला साक्षांकनाची सक्ती नाही, तिथे माणसे लागतात ती मुख्यतः ओळख पटवायला. मग आधारने ओळख पटत असताना धुरेकरी कशाला, असे कोणी विचारेल. अंगठा कोणाचा हे आधार सांगते. देणाऱ्या म्हातारीने तो समजून दिला की धाकाने, हे तिथे हजर असलेला माणूसच सांगू शकतो, आणि बक्षीसपत्राची सही नाकारली गेली तर कोर्ट साक्षीदारालाच बोलावते. म्हणून तो देणाऱ्यापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारा आणि बोलावल्यावर येणारा हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: धुरेकऱ्याचा स्वतःचाच स्वार्थ असतो. असतोच. पण प्रिव्ही कौन्सिलने पांडुरंग कृष्णाजी विरुद्ध मार्कंडेय तुकाराम या खटल्यात स्पष्ट केले की साक्ष घातल्याने दस्तातला मजकूर ठाऊक होता असे ठरत नाही. म्हणजे सहीने त्याचा हक्क बुडत नाही, आणि नुसत्या सहीने घेणाऱ्याची चतुःसीमाही पक्की होत नाही. त्यासाठी चतुःसीमा, पाण्याची वाट आणि बैलगाडीचा रस्ता दस्तातच लिहावा, दस्त धुरेकऱ्याला वाचून दाखवावा आणि मगच त्याची सही घ्यावी. तो सही करायला कचरला, तर वाद कुठे आहे ते पैसे मोजण्याआधीच कळते.